कान

पंचफुलाबाई वलथरे, माझी माय,
तिच्या चाळणीत सापडला हा कान.
रांजणाचा. रांजण नाही.
साहेबांनी थुंकी लावून घासला, उन्हात धरला,
म्हणाले, ही माती इथली नव्हे, समुद्रापलीकडची.
इस्कंदरियाच्या धक्क्यावरून निघाली असेल,
पोटात दारू, आतून डांबर सारवलेलं.
मायनं हात पदराला पुसले
अन् पुढचं घमेलं उचललं.

माझं काम नंबर टाकायचं.
बारावी पास, अक्षर बरं, रोजी साडेतीनशे.
सी-चार, थर सात, एकशे बारा.
रात्री तंबूत, सोलरच्या दिव्याखाली,
शाई वाळेपर्यंत धरून बसले त्याला.
वाटलं, कान आहे तर ऐकू येत असेल.
दोन हजार वर्षं सासरी पडलेल्याला
माहेरचं कुणी काही सांगितलंच नसेल.

तर ऐक.
तू निघालास तेव्हा दिव्याचा मनोरा उभा होता ना,
वर रातभर आगटी?
तो पडला. एकदम नाही,
भूकंपागणिक थोडा थोडा, म्हाताऱ्याच्या दातांसारखा.
त्या जागेवर एका सुलतानानं किल्ला बांधला,
म्हणतात, पडलेले चिरे त्यातच आहेत.
तुमच्याकडं जहाज लागलं की आधी पुस्तकं उतरवत,
मूळ ठेवून घेत, मालकाच्या हाती नक्कल.
(आमच्या सातबाऱ्यांचं तसंच झालं
पुनर्वसनाच्या ऑफिसात. आमच्याजवळ झेरॉक्स आहेत.)
ती पुस्तकंही गेली. कुणी जाळली, यावर अजून भांडण.
उंदरांचं नाव कुणी घेत नाही.

मग एका सकाळी समुद्र मागं सरला.
गाळात होड्या कलंडल्या, मासे तडफडत उघडे,
लोक टोपल्या घेऊन खाली उतरले.
हे मी मोठ्यानं वाचत होते बहुतेक,
कारण अंधारातून माय बोलली,
"पानी असं मांगं गेलं का पळाचं असते."
कुणी पळालं नाही, माय.
पाणी परत आलं तेव्हा होड्या घरांच्या छपरावर होत्या.

राण्यांचे महाल बंदरातच बुडाले.
नदीचा फाटा गाळानं भरला, शहर आटत आटत
दोन धक्क्यांमधली वस्ती झालं.
मग कापूस आला, गठाणी आल्या, तोफा आल्या, बँका आल्या,
माणसं पुन्हा वीस भाषांत भाव करू लागली.
आता पाणबुडे खाली जातात,
दगडी राण्यांच्या नाकावरचं शेवाळ पुसतात.

सुरुवात राहिलीच सांगायची.
राजानं शहराचा नकाशा पिठानं आखला म्हणे,
खडू संपला होता. रांगोळीसारख्या रेघा,
अन् पाखरांचा थवा उतरला, सगळं टिपून गेला.
ज्योतिषी म्हणाले, शुभ आहे.

"अन् थ्या अगोदर?"
त्याअगोदर तिथं मासे धरणाऱ्यांचं गाव होतं.
माय उठून बसली.
"मंग थ्या ढिवराइचं का झालं?"

साहेबांचं जाड पुस्तक मी मागून पुढून चाळलं.
गावाचं नाव सापडलं, राकोटिस.
एक ओळ. पुढच्या ओळीत राजा.

सकाळी पाणी आणखी हातभर चढलेलं,
रीठाच्या पायथ्याशी, आमच्या खुंट्यांना लागलेलं.
कान कापसात गुंडाळून खोक्यात ठेवला,
खोकं नागपूरला गेलं.
आज खोदकामाला सुट्टी म्हणून माय डोंगा घेऊन निघाली,
मी पुढं बसले.
वर सगळं सपाट, वैनगंगा कुठली अन् शेत कुठलं कळत नाही,
पण ती वल्ह्यानं दाखवत जाते,
हा चावडीचा वटा, हे शाळंचं टिन,
इकडून जपून, बाभूळ आहे.
मग थांबली, जाळं खांद्यावरून फेकलं
झिंगराजीच्या ओसरीवर.
तिथं मरळ चांगली लागते.